कच्ची शाळा

निधी कमी, म्हणून जादा शिक्षक फक्त जिथली मुलं कच्ची आहेत त्याच शाळेला द्यायचा, असा वरून आदेश आला होता. तपासणी माझ्या गळ्यात पडली. या शाळेत वर्ग चार आणि बाई एकच. भिंतीवर रंगवलेल्या पाढ्यांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं दिसलं, तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

"सात आठे किती?" मी चौथीच्या मुलांना विचारलं.

"चोपन्न!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"नऊ सक?"

"साठ!" पुन्हा तोच सूर.

मुलं चुकतात, मान्य. पण सगळी मिळून एकच चूक करत नाहीत. मी बाईंकडे रोखून पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हटलं, यांनाच पाढे येत नाहीत की काय?

मग पहिल्या बाकावरच्या चिमुरडीला एकटीला उभं केलं. "बारा पाचे?"

तिने बाईंकडे पाहिलं, ओठ चावला आणि रडवेली होऊन म्हणाली,


"सर, याचं चुकीचं उत्तर बाईंनी अजून सांगितलंच नाहीये."