नळीतली फुंकर

टागाकनं बंदुकीच्या नळीत जोरात फुंकर मारली आणि शेजारी असलेली त्याची पुतणी कुब्लू दचकली.

"निघाला सगळा बर्फ," तो कुजबुजला आणि त्यानं काडतूस चढवलं.

दोघं बर्फाच्या उंचवट्याआड पालथे पडले होते. खाली खोलगटात कॅरिबू हरणांचा कळप खुरांनी बर्फ उकरून शेवाळ खात होता. अख्खा हिवाळा गावानं दुकानातली गोठलेली कोंबडी चावली होती. आजी तर रोज मज्जेच्या हाडाची आठवण काढून ओठ चाटायची. आणि आज कळप समोर असताना, सरपटत वर येताना, काकाची बंदूक तोंडाकडून थेट बर्फात रुतली होती.

त्याच्या फुंकरीनं थोडा भुगा उडाला, हे खरं. पण जो सुटा होता तोच उडाला. उरलेल्यावर त्याचा ऊन श्वास बसला होता, आणि या थंडीत पोलादाला लागलेल्या श्वासाचा दगड व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तर गावात बंदूक कुणी उबेत आणत नाही, बाहेर पडवीतच ठेवतात. हे कुब्लूला टागाकनंच शिकवलं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

"काका, मागचा बोल्ट काढ आणि नळीतून आरपार बघ. उजेड दिसला तर मार."

"तोवर हरणं चहा पीत थांबतील का?"

"नळी साफ करायचा गज गाडीवर आहे. मी आणते."

"गप पड, पोरी. तुझ्या जन्माआधीपासून शिकार करतोय मी."

पोरी. चोविशी उलटली तरी पोरीच. साऱ्या गावात एकटा टागाक तिला असं म्हणायचा. कुब्लू हे तिच्या आजोबांचं नाव. ते गेले त्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात ती जन्मली आणि आजीनं तिला ते दिलं. ज्याचं नाव, तेच माणूस परत आलं, असं त्यांच्यात धरतात. म्हणून तिचा बाप तिला 'बाबा' म्हणून हाक मारायचा. आजी शेजारणींना सांगायची, "आलं गं बाई माझं म्हातारं, भूक लागली असेल त्याला!" सगळे हसायचे आणि सगळे ते खरंही मानायचे.

टागाक मात्र तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघायचा. शेवटी शेवटी त्याचं आणि म्हाताऱ्याचं फाटलं होतं. त्यानं म्हाताऱ्याची बर्फगाडी ओढणारी कुत्री न विचारता विकली आणि बर्फावर चालणारी मोटार आणली. म्हातारा त्या मोटारीवर कधी बसला नाही, आणि टागाकशी पुन्हा बोललाही नाही. न बोलताच गेला. आता ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, त्याला बाबा म्हणून हाक कशी मारायची? त्यापेक्षा पोरगी पोरगीच बरी.

टागाकनं दस्ता खांद्याला लावला. गाल त्यावर टेकवला. बुजलेल्या नळीत गोळी अडून बंदूक फुटली तर पहिला तो गालच जाणार होता.

"टागाक," कुब्लू म्हणाली. "खाली ठेव."

त्यानं मान न वळवता विचारलं, "काकाला नावानं हाक मारतेस?"

"मारते."

"माझ्या बापाचं नाव मिळालं म्हणून माझा बाप झालीस का गं तू?"

त्याचं बोट चापाकडे सरकलं. कुब्लू उठली. लपली नाही, वाकली नाही, उंचवट्यावर ताठ उभी राहिली आणि साऱ्या खोलगटाला ऐकू जाईल अशी ओरडली.

"हो! तुझा बाप सांगतोय. खाली ठेव ती बंदूक!"

कळपानं माना वर केल्या. पुढच्याच क्षणी तो उधळला, आणि खोलगटात नुसता बर्फाचा धुरळा राहिला.

टागाक ताडकन उठला. त्याचा चेहरा रागानं काळानिळा झाला होता. गावाचं मटण बर्फ तुडवत पळत चाललं होतं. आता काकाचा हात उठणार, असं कुब्लूला वाटलं. भीतीही वाटली. पण ती जागची हलली नाही.

"बघ," ती म्हणाली. "आधी नळीतून बघ. मग मार मला."

त्यानं तिरीमिरीत काडतूस काढलं, बोल्ट ओढून काढला आणि नळी आभाळाकडे धरून डोळा लावला. उजेड दिसला नाही. डोळा पुसून त्यानं पुन्हा बघितलं. मग तो बर्फावर बसला.

कुब्लूनं गाडीवरचा गज आणला. मागच्या बाजूनं घालून ठोकला. बराच वेळ ठोकावा लागला. शेवटी नळीच्या तोंडातून बर्फाची एक कांडी सुटून खाली पडली, काचेसारखी टणक. तिच्यावर नळीच्या आतले वळसे जसेच्या तसे उमटले होते.

टागाकनं हातमोजा काढून ती उचलली. उघड्या तळव्यावर घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला. हात गारठून पांढरा पडत चालला तरी त्यानं ती टाकली नाही.

"बाबा," तो म्हणाला. "कुत्री विकायला नको होती मी."

कुब्लूनं आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज कसा होता तेही तिला ठाऊक नव्हतं. तरी तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

"नकोच होती," ती म्हणाली. "घाल तो हातमोजा, आणि ऊठ पोरा. कळप फार लांब गेला नसेल."