पाणवठ्याचं कार्ड

ग्रंथपाल स्वरूपाने पेनचं टोपण काढलं, तसा रावजी आबांनी 'पाणवठा' साप्ताहिकाच्या नोंदकार्डावर पंजा ठेवला.

"समाप्त लिहू नको, पोरी. सोमवारीच तर अंक निघालाय."

"एक नाही आबा, दोन निघालेत." तिनं दोन्ही अंक टेबलावर मांडले. 'बारामती पाणवठा' थोरल्या संदेशचा, 'इंदापूर पाणवठा' धाकट्या दिग्विजयचा. आबांच्या या पोरांनी रान वाटलं, विहीर वाटली, म्हैस वाटता येईना म्हणून विकली. उरलं होतं बापाचं साप्ताहिक, तेही एकेक तालुका करून वाटून घेतलं. दोन्हींवर 'वर्ष अडतिसावे'. दोन्हींवर 'संस्थापक : रावजी'. आणि दोन्हींच्या पहिल्या पानावर एकाच पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाटणीत सामाईक राहिलं ते एवढंच.

"नाव बदललं की जुनं कार्ड बंद करायचं, नवं काढायचं. नियमच आहे," स्वरूपा म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "तुमच्यासाठी वाकवते थोडा. यातलं मूळचं कुठलं ते सांगा. ते याच कार्डावर चालू दाखवते, दुसऱ्याचं नवं काढते."

आबांनी एक अंक उचलला. ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

"संदेशचं म्हणलं तर दिग्विजय उंबरा चढायचा न्हाय. दिग्विजयचं म्हणलं तर..."

पंजा मात्र कार्डावरच.

"आन् तिसरा अंक आला तर? नुसता 'पाणवठा'?"

"आला तर कार्ड उघडं राहील."

आबांनी कोरा कागद मागितला, पेनही तिचंच घेतलं. माथ्यावर जुन्या वळणात 'पाणवठा' लिहिलं. त्याखाली संपादक म्हणून स्वतःचं नाव. रेघ ओढली. आणि पेन थांबलं.

स्वरूपा म्हणाली, "का हो आबा? दोन-दोन तालुके, आणि बातमीचा दुष्काळ?"

"बातमी हाय की. एकच हाय." आबा कागदाकडंच बघत होते. "पर घरातली बातमी आपण कधी छापली न्हाय."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, कार्डावरचा हात काढला आणि पेन तिच्यापुढं धरलं. टोपण न लावता.