सातव्या यंत्राची नोंद

सितियावान गावातल्या त्या गाळ्यात, तिथे घरट्यांसाठी पाकोळ्यांना बोलवायला लावतात तशी किलबिलाटाची टेप दिवसभर लावलेली असे, शेजाऱ्यांना यंत्रांचे पंखे ऐकू जाऊ नयेत म्हणून.

यंत्रं क्रिप्टो-नाणी कमवायची: व्यवहारांच्या ब्लॉकला एकेक आकडा जोडून पाहायचा; त्यातून निघणाऱ्या सांकेतिक संख्येच्या, हॅशच्या, सुरुवातीला पुरेशी शून्यं आली तरच तो खरा. अब्जावधी आकडे फुकट जायचे. सातव्या यंत्राचा मात्र आठवडाभर पहिलाच आकडा लागत होता.

मालक टेक हुआतला यंत्रं सांभाळणाऱ्या कमारियाचा संशय होता.

“उत्तरं बाहेरून कोण पुरवतंय तुला?”

“कोण पुरवणार, तौके?” ती मालकाला म्हणाली. “मागचा ब्लॉक झाल्याशिवाय पुढचा प्रश्नच तयार होत नाही.”

“मला शिकवू नकोस.” त्याने सातव्याची वायर उपटली.

कमारियाने लॅपटॉपवर यंत्राच्या नोंदी उघडल्या आणि तिचा आवाज उतरला.

“तौके, ही नोंद सकाळी नऊला पडलीये. ‘दोन चौदाला वीज तुटली.’”

भिंतीवरच्या घड्याळात दोन चौदा झाले होते.

“तूच लिहिलंस हे.”

“मग खालची ओळही मीच लिहिली असेन. वाचा.”

त्याने वाचली. ‘दोन पंधराला पुन्हा सुरू.’

टेक हुआतने वायर मुठीत आवळली आणि काट्यावर नजर लावली. काटा सरकला. पाठीमागे, किलबिलाटाच्या आडून, एक पंखा घुरघुरू लागला.