आनंदीबाईंच्या घराचं चित्र

"घर एकटां टाकून मी खंय येवचंय नाय," आनंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी चुलीत लाकूड सारलं.

विश्राम मास्तर पडवीत बसूनच राहिले. हायस्कुलात चित्रकला शिकवणारा हा माणूस वर्षभर मालवणच्या धक्क्याजवळच्या या आळीमागे लागला होता. तीन वर्षांत आळीतली नऊ घरं गेली, तिथे लॉज उभे राहिले. उरलेली निदान कागदावर राहावीत म्हणून मास्तरांनी घरोघरी कागद वाटले. ज्याने त्याने आपलं घर काढायचं. जन्मात पेन्सिल न धरलेल्या बायाही काढायला बसल्या. रविवारी शाळेत प्रदर्शन होतं.

आनंदीबाईंनी कोळशाने नुसती चूल आणि मागचं दार काढलं होतं. नवरा गेल्यापासून सात वर्षं त्या विहिरीपलीकडे गेल्या नव्हत्या. घर बाहेरून कसं दिसतं ते त्यांना आठवेना. शेवटी शेजारच्या सत्यवतीने ते काढून दिलं.

"काकी, घडीभर येवन जावा," मास्तर म्हणाले.

"आळीतलो महादू आठ दिस मुंबयक गेलो. परत इलो तेवा घर खंय होतां?"

"तां त्याच्या भावांनी विकल्यानी. तुमची गोष्ट येगळी."

मास्तरांना आनंदीबाईंची कीव आली. त्यांचा पुतण्या भाई रोज त्यांना दूध पोचवायचा. रंग-कागदही त्यानेच आपल्या दुकानातून दिले होते. "काकीक एकदा भायर काढा, मास्तर," तो म्हणाला होता. "चार माणसांत जीव रमात तिचो."

रविवारी सकाळी भाईने रिक्षा पाठवली. आनंदीबाईंनी कुलूप तीनदा ओढून बघितलं, किल्ली कमरेला खोचली आणि मास्तरांचा हात धरला.

सत्यवतीच्या चित्रापुढे त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या.

"ह्यां माझां?"

"तुमचांच."

"कौलां काळी पडली गो बाय. पावसाआधी शाकारूक व्हयां."

मग त्या हलेचनात. येईल त्याला खिडकी दाखवत, माडी कुणी बांधली ते सांगत. मास्तरांच्या बायकोने, शुभदाने, दुपारी जेवण आणलं ते त्यांनी चित्राखालीच बसून खाल्लं. त्यांना हसताना बघून मास्तरांना वाटलं, वर्षाच्या कष्टांचं चीज झालं.

उन्हं कलली तेव्हा त्या म्हणाल्या, "चलत जाव या. वायच भायरसून घर बघूचां आसा."

चित्र काखेत धरून त्या पुढे, मास्तर मागे. आळीच्या तोंडाशी धुरळा होता. कौलांनी भरलेला ट्रक त्यांना घासून गेला. जिथे आनंदीबाईंची पडवी होती तिथे गडी चिरे रचत होते, वासे रस्त्यात पडले होते. आनंदीबाई थांबल्या.

भाई पुढे आला. काकीकडे न बघता त्याने मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"उपकार झाले, मास्तर. सात वर्सां वाट बघलंय, ही भायर पडूक नाय."