डावीकडे जाणारे बाण

डॉक्टरांनी यांचं गोड बंद केलं आणि त्याच आठवड्यात यांनी माळ्यावरचं बांबूचं धनुष्य खाली काढलं. अंगणात पोतं टांगून नेम धरायचे; पण प्रत्येक बाण डावीकडे भरकटून माझ्या नणंदेच्या, शकुनवन्संच्या परसात पडायचा.

"बाण जुने झाले, वाकडे जाऊन राहिले. आनतो उचलून," म्हणत जायचे आणि मिशीला शिऱ्याचा रवा लावून परत यायचे.

मला लग्नानंतरचा यांचा नेम आठवत होता. वरूडच्या मळ्यात मी बोट दाखवीन ते संत्रं बाणाने अलगद पाडायचे. दुपारी हे झोपल्यावर एकेक बाण गॅसच्या मंद आचेवर शेकून सरळ केला, विस्कटलेली पिसं काढून नवी बांधली.

संध्याकाळी सरळ केलेले बाण मीच यांच्या हातात दिले; सबब उरली नाही, बाण थेट पोत्यात घुसला. यांचं तोंड एवढंसं झालं.

"आता कायले जाता तिकडं?" मी म्हटलं.

सकाळी उठून पाहते, तर पोतं शकुनवन्संच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं!

"बाण सरळ जातेत ना आता," हे म्हणाले, "तूच तं केले. मंग पोतं तिकडंच पायजे!"