रिकामी कवचं

पडद्यावर विषाणूचं पहिलं कवच मिटलं आणि विदुलाने बटण दाबलं. सात नंबरच्या खोलीचं दार बंद झालं. जिवंत पेशीच्या आत पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यापासून नियमच होता: रुग्णाच्या पेशीत एक जरी विषाणू बांधून पूर्ण झाला, तरी आत कुणी जायचं नाही.

अनसूयाबाई पेजेचा डबा घेऊन दाराशीच थांबल्या. "अगं, दोन घोट तरी पाजू दे त्यांना."

"नाही हो मावशी. तुम्हालाही होईल."

काचेपलीकडून त्यांच्या नवऱ्याने हात उचलला. दुपारी ते गेले.

संध्याकाळी डॉक्टर पाटणकरांनी तेच चित्र पाहिलं. "विदुला, भरलेला विषाणू मध्ये काळा दिसतो. हे सगळे फिके आहेत. नुसती कवचं, आत काहीच नाही. यांच्यापासून कुणाला काय होणार होतं?"

अनसूयाबाई अजून बाकावरच होत्या. विदुलाने त्यांना कसंबसं सांगितलं.

त्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"त्यांनी हात केला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी काचेपासूनसुद्धा मागे सरले गं. त्यांनी पाहिलं ते."