गुरुवारचं धुणं

"गुरुवारी कोण धुणं काढतं, मिसेस लॅमिंग?"

केझाया लॅमिंगने किटली शेगडीवरून उतरवली. गुप्त पोलिसांतला सार्जंट प्रिवेट टोपी मांडीवर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. लंडनमधल्या बर्मंडसीच्या त्या गल्लीत धुणं म्हणजे सोमवार. इतर कुठल्या वारी दोरीवर चिंधी जरी दिसली, तरी शेजारणींना आठवडाभराचा विषय मिळे. तीन आठवड्यांपूर्वी केझायाच्या दोरीवर गुरुवारी एकच शर्ट वाळत होता, जॉब लॅमिंगचा. आदल्याच रात्री बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या गोदामातला म्हातारा पहारेकरी डोकं फुटून मेला होता.

"जॉब कातडी कमावतो. डाग पडायचेच."

"डाग रोज पडतात, बाई. धुता मात्र सोमवारी."

"पोकॉकबाईने सांगितलं वाटतं. त्या बयेला स्वतःच्या पोरांची वाहती नाकं दिसत नाहीत, माझी दोरी बरी दिसते."

प्रिवेट हसला नाही. हसायला तोंड होतं कुठे? या खुनासाठी त्यानेच फिनटन डोलन नावाच्या आयरिश हमालाला धरलं होतं. डोलनचं आदल्या दिवशी पहारेकऱ्याशी भांडण झालं होतं, तेवढंच पुरलं. साहेबांनी पाठ थोपटली, पेपरात नाव छापून आलं. सोमवारी खटला उभा राहणार होता आणि डोलन फासावर जाणार हे सगळे धरूनच चालले होते. शर्टाची गोष्ट कानावर आल्यापासून प्रिवेटला अन्न गोड लागत नव्हतं.

केझायाने दोन कप भरले आणि त्याच्यासमोर बसली. "सांगते. तसंही माझं सांगणं तुमच्या कोर्टात चालत नाही."

मग तिने सांगून टाकलं. जॉब रक्ताने माखून आला होता. चोरी करायला गेला, म्हातारा आरडाओरडा करायला लागला, म्हणून हातोडी घातली. शर्ट तिनेच उकळला. प्रिवेटने ऐकून घेतलं, पण वही खिशातून काढली नाही. काढून करणार काय? नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष कायदा ऐकतच नाही.

"मग मला तरी कशाला सांगितलंत?"

"पोटात मावेना म्हणून."

आतल्या खोलीत तिची लेक सूझन लग्नाचा झगा शिवत होती. सासर म्हणून चर्चच्या कारकुनाचं घर मिळालं होतं. कारकून सोयरिकीला भारी चिकित्सक, अब्रूला जरा खोट दिसली की मोडून मोकळा होणारा. दोन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचून झाली होती, आता एकच राहिली होती.

प्रिवेट उठला. टोपी घातली तरी त्याचा पाय निघेना.

"डोलनची बायको तुरुंगाच्या फाटकाशी बसून असते," तो म्हणाला. "कडेवर तान्हं. त्या रात्री तो घरीच होता, असं बिचारी ज्याला त्याला सांगते. तिचंही कोर्ट ऐकत नाही. का, तर बायको. मला बघितलं की उठून उभी राहते. तिला अजून वाटतं, मी काहीतरी करीन."

केझायाने कप बाजूला सारला. प्रिवेटला वाटलं, आपण उगाच बोललो. ही तरी काय करणार होती?

तेवढ्यात ती उठली आणि तिने आतलं दार उघडलं.

"सूझन, सुई ठेव आणि इकडे ये. उद्या पोकॉकबाईकडून ऐकण्यापेक्षा आज माझ्या तोंडून ऐक." मग ती प्रिवेटकडे वळली. "वही काढा. पहिल्यापासून सांगते, लिहून घ्या."

"काही उपयोग नाही हो, मिसेस लॅमिंग. कायदाच तसा आहे."

"आधी नाव नीट लिहा, सार्जंटसाहेब," ती म्हणाली. "केझाया थर्लो. कुमारी."